मुक्कामी गाडीचा डबा

कोंडवाडी, ता. चिखली
२ जुलै

सौ. राखीस,

मोठ्या जावेचा आशीर्वाद. घ्यायचा तर घे, नाहीतर राहू दे.

तू माझा फोन मुद्दाम उचलत नाहीस हे कळायला मला बरेच दिवस लागले. आधी वाटलं, संग्रामपूरला रेंज नसेल. मग पूनमनं तिच्या फोनवरून लावला तर पहिल्याच रिंगला तुझा आवाज. म्हणजे रेंज आहे, फक्त माझ्यासाठी नाही. म्हणून हा कागद. मुक्कामी गाडीचा तुळशीराम कंडक्टर वरवटचा आहे, सुटीला घरी जातो तेव्हा तुमच्याच गावावरून जातो. त्याच्याजवळ देते आहे. फाडायचं असेल तर वाचून फाड.

पूनम बरी आहे. हे सगळ्यात आधी लिहायला हवं होतं, पण रागाच्या माणसाचं पहिलं वाक्य रागाचंच निघतं. तुम्ही दोघं जीप घेऊन तुझ्या माहेरी निघून गेलात आणि पोरीला फार्मसीचं दुसरं वर्ष मोडायचं नाही म्हणून माझ्याकडे ठेवलंत. माझ्यावर विश्वास नाही पण पोरगी माझ्याकडे, हे कोडं मी रोज भाकरी थापताना सोडवते. सकाळी सहाच्या गाडीनं ती चिखलीला जाते. आठ वाजता प्रॅक्टिकल असतं. रात्री तीच गाडी मुक्कामाला येते, तिच्यात परत. तुमच्या घरी झाडून-पुसून येते आणि झोपायला माझ्याकडे असते.

ग्रामसभेचं तू गोकुळभाऊंच्या बाजूनं ऐकलंस. माझ्या बाजूनं तुला कुणी सांगितलं नाही, म्हणून मीच सांगते. तू माझ्या शेजारीच बसली होतीस, तरी सांगते.

एसटीच्या पासाचा विषय निघाला तेव्हा मला बरं वाटलं होतं. गावात पहिल्यांदाच कुणी तरुण पोरांच्या प्रवासाचं बोलत होतं. खालच्या आळीचा हर्षल उठला. तो भरतीची तयारी करतो, रोज चिखलीला पळायला आणि क्लासला जातो. तो म्हणाला, "पास कॉलेजवाल्यायलेच काऊन? आमी तरुण नाही का? पंचवीस वर्सापर्यंत सगळ्यायले फुकट पाह्यजे." तुझे भासरे, म्हणजे आमचे हे, भगवानराव, माजी सरपंच असल्यामुळे त्यांना बसून बोलता येतच नाही. ते उभे राहिले. "पंचायतीच्या पैशानं सारं गाव फिरवू का? जे शिकून राह्यले त्यायले देऊ." मग हर्षलची आजी मनकर्णाबाई मागून ओरडली, "मले अर्धं तिकीट, या बुढ्याले फुकट, मंग पोट्ट्यायनंच काय घोडं मारलं?" सगळे हसले. इथपर्यंत सगळं चांगलं होतं.

मग गोकुळभाऊ उठले. "सगळ्यायले फुकट बसवा. मंग माह्या जीपमंदी कोण बसन? मी काय जीप धुवून पाणी पिऊ?" त्यांचं खोटं नव्हतं. पण सख्ख्या मोठ्या भावानं सगळ्या गावासमोर म्हटलं, "तुह्या एका जीपसाठी गावानं थांबावं का बे?" ते 'बे' नडलं. घरात चाललं असतं, सभेत नाही. आणि लगेच ग्रामसेवकानं शिकणाऱ्यांच्या पासासाठी मेंबरांना हात वर करायला सांगितलं.

मी हात वर केला. पूनमचा चेहरा माझ्या डोळ्यांसमोर होता. बारावीपर्यंत मुलींना पास फुकट होता, आता तिला विकत काढावा लागतो आणि दर महिन्याला तुझी ओढाताण होते हे मला ठाऊक होतं. तू म्हणालीस, "बाई, त्या हातानं तुमी माह्या चुलीत पाणी ओतलं." आणि आठवड्यात चूल बंद करून गेलीस.

तुझं बोलणं मला लागलं. अजून लागतं.

तुझी मोठी जाऊ,
पुष्पांजली


पोळ्याची कर

सौ. राखीस,

तुळशीराम म्हणाला, पहिलं पत्र तू दारातच उभी राहून वाचलंस आणि त्याला चहा दिलास. उत्तर दिलं नाहीस. चहा दिलास हेही नसे थोडके.

पोळा झाला. बैल आता गावात मोजकेच, मिरवणुकीत ट्रॅक्टरच जास्त. त्यातही दोन मिरवणुका निघाल्या. वरच्या आळीची आमच्या ह्यांची, खालच्या आळीची हर्षलची. जिल्हा परिषदेची निवडणूक येणार येणार म्हणून दोघांच्याही अंगात आलं आहे. दोघांचेही फ्लेक्स एकाच पिंपळाला. एकावर लिहिलंय 'विद्यार्थ्यांना मोफत पास, आमचा ध्यास', दुसऱ्यावर 'प्रत्येक तरुणाला मोफत प्रवास'. पिंपळ बिचारा मधे उभा आहे. रोज संध्याकाळी आमच्या ओसरीवर बैठक असते आणि चहाचं पातेलं मी चढवते. तू होतीस तेव्हा निदान गाळायला कुणी होतं. ठरावावर सही माझी, बोलणं सगळं ह्यांचं. परवा एकानं विचारलं, "मेंबरबाईचं मत काय?" तर हेच म्हणाले, "तिचं काय, माहंच मत तिचं."

तुळशीराम आणि कडूबा ड्रायव्हर बरे आहेत. मारुतीच्या देवळातच झोपतात. त्यांच्या जेवणाचा, गाडीचा डबा घरोघर फिरत फिरत खालच्या आळीच्या टोकाला, मनकर्णाबाईकडे आला आहे. त्यानंतर तुझं घर, मग माझं. त्याचं काय करायचं ते आमचं आम्ही बघू. तू काळजी करू नकोस.

पूनमचा अभ्यास चालू आहे. परवा मला गोळ्यांची नावं पाठ म्हणून दाखवत होती, आणि कोणती गोळी कोणत्या गोळीबरोबर घ्यायची नाही तेही. मला वाटलं, हे आपल्या घरच्या माणसांचंही कुणीतरी लिहून ठेवायला हवं होतं.

पुष्पांजली


महालक्ष्म्यांच्या जेवणाचा दुसरा दिवस

सौ. राखीस,

हे पत्र पोस्टानं येईल. तुळशीराम आता आपल्या गावाला येत नाही. का येत नाही ते लिहायला बसले आहे आणि दोनदा उठून भांडी घासून आले.

काल महालक्ष्म्या जेवल्या. सोळा भाज्या, पुरण, आंबील, सगळं एकटीनं केलं. त्या दोघी शेजारी शेजारी उभ्या आणि रांधणारी एकटी. पुरणाला चटका बसला. सगळ्यांनी चांगलं झालं म्हणून खाल्लं. तू असतीस तर तोंडावर सांगितलं असतंस.

आता डब्याचं. मी तुला लिहिलं होतं, आमचं आम्ही बघू. आम्ही काहीच बघितलं नाही.

पोळ्यानंतर मनकर्णाबाईनं तिची पाळी केली. सकाळी डबा घासून, आत चिमूटभर साखर टाकून रीतीप्रमाणे तुझ्या ओट्यावर ठेवला. तुझं दार बंद. डबा तिथंच. मला माझ्या ओसरीवरून तो दिसत होता. चार खणांचा, कडी वाकडी झालेला, सासूबाईंच्या वेळचा. गाडी गावात मुक्कामाला यायला लागली तेव्हापासून या गावातल्या पोरांनी याच डब्याच्या जोरावर सकाळची शाळा, कॉलेज गाठलं. ज्या घरी डबा, त्या घरचं ड्रायव्हर-कंडक्टरला जेवण. दुसऱ्या दिवशी डबा पुढच्या घरी. पाळी ओलांडायची नाही आणि डबा रिकामा पुढे द्यायचा नाही, एवढे दोनच नियम. भांडणं झाली, खून पडता पडता राहिला, पण डबा थांबला नव्हता.

मी उचलायला गेले होते. हे म्हणाले, "हात लावू नको. गोकुळची पाळी आपण केली तं तो गेला हे आपणच गावाले सांगतलं असं होते. त्याची पाळी त्यानं करावं." मी म्हटलं, तो संग्रामपूरला आहे. ते म्हणाले, "मंग येऊ दे." तुला खरं वाटणार नाही, पण त्या माणसाचा आवाज तेव्हा भाषणातला नव्हता.

आणि माझ्याही मनात होतंच. तू मला चुलीत पाणी ओतणारी म्हणालीस, मग तुझी पाळी मी का भरू? हे मी ह्यांच्यावर ढकलणार होते, पण तुझ्याशी लपवून काय करू.

खालची आळी म्हणाली, आम्ही डबा पुढे दिला. वरची आळी म्हणाली, आमच्याकडे आलाच नाही. सगळ्यांना वाटलं, दुसरं कुणीतरी देत असेल. ती दोन माणसं देवळात बिस्किटं खाऊन झोपत राहिली. मागायचं कसं, म्हणून बोलली नाहीत. मला कळत होतं, राखी. मला रोज डबा दिसत होता.

त्यातच गणपती बसायच्या आदल्या दिवशी हर्षलच्या पोरांनी फुकट पासासाठी रास्ता रोको केला. हायवेवर गाड्या अडवायला पोलिसांची भीती. म्हणून मग सकाळी सहाला आपलीच गाडी अडवली. गावात दुसरी आहे कुठली? कुणीतरी मागच्या चाकाची हवा सोडली. पूनम खिडकीत बसली होती, दप्तर मांडीवर. कडूबा खाली उतरला. चिडलेलाही नव्हता, थकलेला होता. म्हणाला, "भाकर देत नाही तं नका देऊ बापा. पण हवा काऊन काढता? तुमचेच लेकरं बसेल आहेत आतमंदी."

हर्षलला डबा अडल्याचं माहीतच नव्हतं. तरुण पोरं, त्यांना वाटत होतं जेवण आपोआप येतं, आपल्यासारखंच.

दुसऱ्या दिवसापासून मुक्काम बंद. आगारातल्या साहेबांना काय बोलणार? त्यांची माणसं उपाशी झोपवली आणि गाडीची हवा काढली, कोणत्या तोंडानं भांडू? आता पहिली गाडी साडेदहाला येते. पूनमचं प्रॅक्टिकल आठला.

ती आता अंधारात हायवेच्या फाट्यापर्यंत चालत जाते, तिथं मिळेल त्या वाहनानं पुढे. बरोबर दोन मुली होत्या. आता एक आहे.

पुष्पांजली


२९ ऑक्टोबर

सौ. राखीस,

दिवाळी झाली. भाऊबीजेला गोकुळभाऊ नणंदेकडे आले होते, पण गावात पाऊल टाकलं नाही, असं कळलं. हे दिवसभर अंगणात येऊन रस्त्याकडे बघत होते. मी विचारलं तर म्हणाले, मजूर येणार होता.

तुला एक आनंदाची बातमी देते. पास मिळाले! आमच्या ह्यांनी ठराव मंजूर करून आणला. शिकणाऱ्या सगळ्या पोरांना पंचायतीच्या खर्चानं पास. शाळेच्या पटांगणात मांडव घातला, पाहुणे आले, नारळ फुटला. हर्षलची पोरंही आली. "आमच्या आंदोलनानं झालं" म्हणून त्यांनी वेगळा नारळ फोडला. प्रत्येक पोराच्या गळ्यात पास घालून फोटो काढले. पूनमच्या गळ्यात मी घालावा, असं ठरलं होतं. मी घातला. फोटोग्राफर म्हणाला, "मेंबरबाई, हासा थोडं." पूनम माझ्या कानात म्हणाली, "मोठी माय, पास फुकट झाला. आता बसू कायच्यात?"

मला हसू आलं, आणि नेमका तोच फोटो छापला.

काय झालं आहे बघ. पास आहे, गाडी नाही. गोकुळभाऊंची जीप होती, ती आपणच घालवली. उरलेल्या दोन जीपा नऊ वाजल्याशिवाय भरत नाहीत आणि भरल्याशिवाय हलत नाहीत. ज्या पासासाठी तू-मी तुटलो, तो पोरीच्या गळ्यात लटकतो आहे आणि ती पायी चालते आहे. एवढा शहाणपणा आपल्याच गावाला सुचू शकतो.

पूनमनं सांगितलं नसेल म्हणून मी सांगते. तिची हजेरी कमी पडत चालली आहे. कॉलेजातून एकदा समज मिळाली आहे. आणखी खाडे झाले तर परीक्षेला बसू देणार नाहीत.

आणि तूही मला सांगितलं नाहीस, पण मला कळलं. जळगाव जामोदकडचं स्थळ आहे, मुलाचं कृषी केंद्र आहे, डिसेंबरात पाहुणे येणार. गोकुळभाऊ फोनवर तिला म्हणाले, "गाडीच नाही तं कॉलेज कायचं? वर्स तं गेलंच." पोरगी रात्रभर कूस बदलत होती. मी जागीच होते.

पुष्पांजली


२७ नोव्हेंबर

राखी,

आज 'सौ.' वगैरे लिहायला वेळ नाही. पूनम फाट्याला निघते आहे, चिखलीच्या पोस्टात टाकायला तिच्याजवळ पत्र द्यायचं आहे.

मी चिखलीला आगारात जाऊन आले. एकटी नाही, मनकर्णाबाईला घेऊन. हो, त्याच मनकर्णाबाईला. मी तिच्या दारात गेले आणि म्हटलं, काकू, तुमचा नातू आणि माझा नवरा निवडणुकीपर्यंत भांडतील, तोवर पोरगी घरी बसेल. म्हातारी म्हणाली, "चाल. मले अर्धं तिकीटच हाय." साडेदहाच्या गाडीनं गेलो. जाताना दोघी एका बाकावर बसलो ते बघून कंडक्टरलाही आश्चर्य वाटलं. खालची-वरची आळी एका बाकावर!

साहेब भले माणूस होते. बसा म्हणाले. सगळं ऐकून म्हणाले, "बाई, गाडी पाठवायला माझी ना नाही. पण माणसांना जेवायला मिळेल आणि गाडीला हात लागणार नाही, याची खात्री कोण देणार? तुम्ही मेंबर आहात, तुम्ही देता का?" मनकर्णाबाईनं माझ्याकडे पाहिलं. मी म्हटलं, देते. माझं मत मी पहिल्यांदाच माझ्या तोंडानं सांगितलं असेल. सोमवारपासून आठ दिवस गाडी मुक्कामाला येणार आहे. आठ दिवस डबा नीट फिरला तर कायम. नाहीतर पुन्हा विचारायचंही नाही.

गावात आल्यावर पारावर सगळे जमले. गाडी यायला हवी यावर कधी नव्हे ते एकमत झालं. हर्षलनं स्वतः उठून सांगितलं, गाडीला आता कुणी हात लावणार नाही, लावला तर मी बघतो. मग प्रश्न आला, पहिला डबा कुणाचा? मनकर्णाबाई म्हणाली, "जिथं थांबला तिथूनच चालू व्हईन." म्हणजे तुझ्या ओट्यावरून. डबा अजून तिथंच आहे ना. पूनम रोज त्याच्यावरची धूळ पुसते, पण उचलत नाही. तिलाही नियम पाठ आहे.

मी म्हटलं, राखीची पाळी मी करते. तर खालची आळी ओरडली, "म्हंजे पहिल्या दिवशी भगवानरावाचा डबा, दुसऱ्या दिवशीबी भगवानरावाचाच? गाडी त्यायनंच आणली असं व्हईन!" मी म्हटलं, मग राखीची पाळी ओलांडा, माझा एकच दिवस राहील. तेव्हा आमचे हे उठले. मला वाटलं, आता भाषण. तर एवढंच म्हणाले, "ओलांडायची नाही. पाळीतून घर काढलं तं गावातून घर काढलं. माह्या भावाचं घर गावात हाय." आणि घरी निघून गेले. खालच्या आळीनंही माना डोलावल्या.

पूनम म्हणाली, मी करते, घर माझंही आहे. पण ती तर त्याच गाडीनं परत येणार. ती उतरेपर्यंत ड्रायव्हर-कंडक्टरच्या जेवणाची वेळ झालेली असते. आणि खरं सांगू, मला तिनं करायला नको आहे.

मला तू करायला हवी आहेस.

तू मला माफ कर असं मी म्हणत नाही. मी हात वर केला ते पूनमसाठी, आणि आजही वर करीन. गोकुळभाऊंची जीप गेली याचं मला वाईट वाटतं, हेही तितकंच खरं. दोन्ही खरं असलं तर माणसानं काय करायचं ते मला कुणी शिकवलं नाही. पण सोमवारी रात्री ती दोन माणसं देवळात येतील आणि डबा तुझ्या ओट्यावर असेल. तो भरला तर पूनमला सकाळची गाडी राहील, हजेरी भरून निघेल आणि गोकुळभाऊंना पाहुण्यांना सांगायला कारण मिळेल की पोरीचं वर्ष अजून गेलेलं नाही. नाही भरला तर पाहुणे येतील.

मी थकले, राखी. भांडून नाही थकले. हे सगळं एकटीनं समजून घेऊन थकले. इथं तुला बोलायचं नसेल तर बोलू नकोस. माझ्याकडे बघूही नकोस. तुझी पाळी कर आणि जा.

पुष्पांजली


२ डिसेंबर, मंगळवार

राखीस,

काल तू आलीस.

मी दुपारपासून ओसरीवर तूर निवडत बसले होते. निवडायला काही नव्हतं, सकाळीच निवडून झाली होती. साडेदहाच्या गाडीनं तू आली नाहीस, दुपारच्या जीपनं नाही. हे आतबाहेर करत होते. चारच्या सुमारास पाहिलं तर तू फाट्याकडून चालत येत होतीस, डोक्यावर पदर आणि हातात एक पिशवी. जो रस्ता पोरगी रोज चालते तोच. मला वाटतं, तू मुद्दाम चाललीस.

तू माझ्या अंगणावरून गेलीस आणि बघितलं नाहीस. मी तसंच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. पण हे उठून उभे राहिले तेव्हा तू पदर नीट केलास, भासऱ्यांपुढे करतात तसा. ते आत जाऊन डोळे पुसत होते. त्यांना कळू देऊ नकोस मी लिहिलं ते.

तुझ्या चुलीचा धूर दिसला तेव्हा आधी खालच्या आळीच्या बायका दारात आल्या. मनकर्णाबाई माझ्याकडे आली आणि माझ्या ओसरीवर बसली. गाडी आली. कडूबा आणि तुळशीराम उतरले, त्यांच्या मागे पूनम. तुझ्या दारातला उजेड पाहिला आणि पोरगी रस्त्याच्या मधेच थांबली. गळ्यात तो पास. मग पळतच गेली. एवढी मोठी घोडी, पण पळताना पाचवीतली दिसत होती.

डबा तू स्वतः देवळात घेऊन गेलीस. तुळशीराम नंतर मला म्हणाला, "बाई, आज भाकर कळण्याची होती." मी म्हटलं, ज्वारी-उडदाची ती भाकरी आमच्या गावची नाही, संग्रामपूरची आहे. तू लग्न होऊन आल्यावर मी तुला त्याच भाकरीवरून किती चिडवलं होतं. काळी भाकर, काळी भाकर म्हणून. तू रडली होतीस आणि मी गुपचूप अर्धी खाल्ली होती.

रात्री तुमच्या घरातून तुझा आणि पूनमचा आवाज येत होता. शब्द कळले नाहीत. मी ऐकण्याचा प्रयत्न केला नाही, असं लिहिणार होते, पण केला.

सकाळी सहाच्या गाडीनं तू निघालीस. पूनम तुझ्या शेजारी खिडकीत. मी दार उघडलं नाही, तुला संकोच नको म्हणून. गाडीचा आवाज फाट्याकडे गेला तेव्हा बाहेर आले.

माझ्या ओट्यावर डबा होता.

घासलेला, राखेनं, तुझ्या हातचा. कडी नीट वाकवून सरळ केलेली. मला वाटलं, रीतीप्रमाणे चिमूटभर साखर असेल. उघडला तर वरच्या खणात कळण्याची भाकरी, अर्धी, आणि तिच्यावर मिरचीचा ठेचा. बाकीची अर्धी तू कुठं ठेवलीस ते मला विचारायचं नाही.

मी उभ्यानंच खाल्ली. ठेचा तिखट होता, त्यामुळे डोळ्यांचं कुणाला सांगावं लागलं नाही.

आता उठते. पीठ मळायचं आहे. आज पाळी माझी.

तुझी,
बाई